ओळखलंत का?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून पाहिलं, तर साठीच्या आसपासचे एक हसतमुख गृहस्थ. "काय सर, ओळखलंत का?" मी नेहमीचं हसू चेहऱ्यावर आणलं आणि म्हणालो, "अहो, विसरेन कसा?" तर ते म्हणाले, "मग सांगा बघू नाव!" रांगेतले दोघं-तिघं मान वळवून बघायला लागले. मला नाव सांगता येईना. नावाचं सोडाच, या माणसाला पूर्वी कधी पाहिल्याचंही आठवेना. शेवटी आमची सौ. मदतीला धावली आणि तिनं विषय बदलला. पण ते गृहस्थ दुखावले ते दुखावलेच. प्रोफेसर लोक शिष्ट असतात, असं काहीसं पुटपुटत ते पुढे गेले.

घरी येताना गाडीत सौ.नं सांगितलं, की 2014 च्या उन्हाळ्यात हे गृहस्थ आणि त्यांची पत्नी आमच्याकडे दोन रात्री राहून गेले होते. त्यांना स्टेशनवरून आणायला मीच गेलो होतो. पहिल्या रात्री एक वाजेपर्यंत आमच्या गप्पा चालल्या होत्या, आणि नाट्यसंगीतावरून आमचं कडाक्याचं भांडणही झालं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्याच कुणाची तरी हकिकत ऐकावी, तसं ते वाटत होतं.

त्या गृहस्थांची क्षमा मागण्यासाठी हा लेख लिहितो आहे. आणि आता लिहायला बसलोच आहे, तर आणखी एक गोष्ट कबूल करून टाकतो. 2016 साली मी जवळजवळ वर्षभर गाडी चालवत नव्हतो, हे तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. कार्यक्रमांना मला घरून नेण्या-आणण्याचं काम तुम्हीच आळीपाळीनं केलंत. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, "मोतीबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले थांबा." ते खोटं होतं. माझे डोळे ठणठणीत होते. मला अपस्मार आहे. आपल्याकडे ज्याला फीट येणं, फेफरं किंवा मिरगी म्हणतात, तोच हा आजार.

हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. फीट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जमिनीवर कोसळलेलं, हातपाय झाडणारं, तोंडाला फेस आलेलं माणूस. मी तसा एकदाही पडलो नाही. माझी फीट कुणाला दिसतच नाही, आणि म्हणूनच ती ओळखायला दीड वर्ष लागलं.

सुरुवात झाली 2015 च्या वसंतात. त्या सकाळचं मला स्वतःला काहीच आठवत नाही, त्यामुळे इथून पुढचं सौ.च्या वहीतून सांगतो. मी उठलो, खाली आलो आणि नेहमीसारखा चहा ठेवला. आलं किसलं, दूध बेतानं घातलं. मग तिला विचारलं, "आज वार कुठला?" तिनं सांगितलं, मंगळवार. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "आज वार कुठला? आपल्याला कुठे जायचंय का?" तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. असं पाऊण तास चाललं. तिला मी ओळखत होतो, बोलणं स्पष्ट होतं, चालणं सरळ होतं, चहा तर उत्तम झाला होता. फक्त ऐकलेली एकही गोष्ट आत टिकत नव्हती. मग हळूहळू मी ताळ्यावर आलो आणि पेपर वाचायला लागलो. काय झालं होतं, याचा मला पत्ताच नव्हता. ती थट्टा करते आहे, असंच मला वाटलं.

पुढच्या दीड वर्षात असं चौदा वेळा झालं, आणि बहुतेक वेळा पहाटे किंवा सकाळी उठल्या उठल्या. दोन-तीनदा त्याच्या आधी मला जळक्या रबराचा वास आला होता. तो मात्र मला आठवतो, कारण घरातली वायर जळते आहे की काय, म्हणून मी पलंगावरून उठून प्लग तपासत फिरलो होतो. वायर ठीक होती.

आमच्या वयात विसरायला लागलं की पहिली शंका कशाची येते, ते तुम्हाला सांगायला नको. सौ.च्या आईला अल्झायमर होता. ती काही बोलली नाही, पण रात्री स्वयंपाकघरात एकटीच बसून राहायची. मी गुपचूप मृत्युपत्र काढून वाचलं. पहिल्यांदा ज्या तज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली. शब्द सांगितले, गोष्ट वाचून दाखवली, अर्ध्या तासानं परत विचारली. मी घडाघडा सांगितली आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले! वयामुळे होतं, ताण घेऊ नका, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण त्याच महिन्यात मुलीनं लीड्सहून नातीच्या बारशाचे फोटो पाठवले होते. फोटोत नात माझ्या मांडीवर आहे. माझ्या डोक्यावर फेटा आहे आणि मी हसतो आहे. आणि त्या दिवसातलं काही म्हणजे काही मला आठवत नव्हतं. बारसं होऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

शेवटी निदान झालं ते सौ.च्या वहीमुळे. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, किती मिनिटं, त्या वेळी मी काय काय बोललो, हे सगळं तिनं लिहून ठेवलं होतं, आणि दोन वेळा फोनवर चित्रणही केलं होतं. दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी ती वही शांतपणे शेवटपर्यंत वाचली. जळक्या वासाबद्दल दोन-दोनदा विचारलं. मग झोपेत असताना मेंदूचा ईईजी काढला, आणि माझ्या कानशिलाच्या आतल्या भागात, ज्याला टेम्पोरल लोब म्हणतात तिथे, विजेची गडबड दिसली. आजाराचं नाव ट्रान्झियंट एपिलेप्टिक ॲम्नेशिया, म्हणजे अपस्मारामुळे येणारं तात्पुरतं विस्मरण. लॅमोट्रिजिन या गोळीचा लहानसा डोस सुरू झाला आणि झटके थांबले. त्यानंतर आजतागायत एकही आलेला नाही.

या आजारावर इथे इंग्लंडमध्ये बरंच काम झालं आहे. ॲडम झेमन आणि त्यांचे सहकारी ख्रिस बटलर यांनी अशा 50 रुग्णांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध केला. आजार सुरू होण्याचं सरासरी वय होतं 62. झटका साधारण अर्धा ते एक तास टिकायचा आणि बऱ्याच जणांना तो झोपेतून उठताना यायचा. यांतल्या जेमतेम पाव रुग्णांच्या बाबतीतच तज्ज्ञांना आधी अपस्माराची शंका आली होती. बाकीच्यांना दुसरंच काहीतरी सांगितलं गेलं होतं. आणि औषध सुरू केल्यावर जवळजवळ सगळ्यांचे झटके थांबले. म्हणून सांगतो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला असं ठरावीक वेळ विसरायला होत असेल आणि मधल्या काळात ते अगदी नेहमीसारखे असतील, तर स्मृतिभ्रंश म्हणून हात टेकू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा अपस्मार असू शकेल का?" अपस्मार लहान मुलांत जास्त आढळतो आणि साठीनंतर पुन्हा वाढतो, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

झटके गेले, पण गेलेल्या आठवणी परत आल्या नाहीत. मला वाटलं होतं, गोळी लागू पडली की बारसं आठवेल. नाही आठवलं. 2010 ते 2016 या वर्षांत मोठमोठी भगदाडं आहेत. आणि अजूनही एक त्रास आहेच. एखादी गोष्ट मला दिवसभर, दोन दिवस नीट आठवते, आणि तीन आठवड्यांनी ती गेलेली असते. पुसट होणं वेगळं, ही समूळ जाते. डॉक्टर याला वेगानं होणारं दीर्घकालीन विस्मरण म्हणतात. अर्ध्या तासाच्या चाचणीत ते सापडणारच नाही, कारण अर्ध्या तासानं मला सगळं येत असतं!

मी आयुष्यभर सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवलं, माझी डॉक्टरेट काँक्रीटवर आहे, म्हणून मला हे माझ्या पद्धतीनं कळलं. स्लॅब ओतला की काही तासांत तो घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी त्यावरून चालताही येतं. पण त्याची खरी ताकद हळूहळू येते. आपण चाचणी घेतो ती 28 दिवसांनी. तोवर, निदान पहिला आठवडाभर, त्यावर पाणी मारत राहावं लागतं. पाणी मारलं नाही तर वरून स्लॅब छान दिसतो, पण पुढे त्याची माती निघायला लागते. आठवणींचंही असंच आहे. मेंदूच्या आत, दोन्ही कानशिलांच्या मागे, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. म्हणून त्याला समुद्रघोड्याच्याच ग्रीक नावावरून हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवी आठवण घेणं आणि पुढचे दिवस-आठवडे ती पक्की होऊ देणं, ही दोन्ही कामं त्याच्या मदतीनं होतात, आणि त्यातलं बरंच काम आपण झोपलेले असताना चालतं. माझा स्लॅब ओतला जातो, पण पाणी मारण्याच्या वेळी काहीतरी बिघडतं.

हिप्पोकॅम्पसचं हे काम जगाला कळलं तेही अपस्माराच्या एका रुग्णामुळेच. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात हेन्री मोलेसन नावाचा तरुण होता. त्याला लहानपणापासून फीट येत. औषधांनी थांबेनात, कामावर जाणं अशक्य झालं. 1953 साली, तो 27 वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जननी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग काढून टाकला. मोठ्या फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण त्यानंतर हेन्रीला एकही नवी गोष्ट लक्षात राहिनाशी झाली. त्याची बुद्धी शाबूत होती, बोलणं शाबूत होतं, शब्दकोडी सोडवायचा. समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की त्याला तो नव्यानं भेटायचा.

माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला येत. त्यांनी त्याला एक काम दिलं. आरशात बघून कागदावरच्या ताऱ्याच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायची. हे कुणालाही सुरुवातीला जमत नाही. हेन्रीनं तीन दिवस केलं आणि रोज त्याचा हात सुधारत गेला. पण हे काम आपण आधी केलं आहे, हे त्याला एकाही दिवशी आठवलं नाही. यावरून कळलं, की हाताची आठवण आणि घटनांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. हेन्रीची स्मरणशक्ती गेल्याची हकिकत स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी 1957 साली प्रसिद्ध केली होती. हेन्री 2008 साली, वयाच्या 82 व्या वर्षी वारला. तोपर्यंत जगाला तो फक्त 'एच. एम.' या दोन अक्षरांनी माहीत होता. आज अपस्मारासाठी मेंदूच्या या भागावर शस्त्रक्रिया करायची असेल, तर आधी दोन्ही बाजूंची स्मरणशक्ती बारकाईनं तपासतात, आणि दोन्हीकडचा हा भाग कधीच काढत नाहीत. हेन्रीनं काय किंमत मोजली, ते त्यामागे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

आमचं गाव कराड. वडील शाळामास्तर. माझ्यापाठची बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान. घरात तिला सगळे बेबी म्हणत. ती आठ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा फीट आली. मग येतच राहिल्या. कुणी नाकाला कांदा लावायचं, कुणी चप्पल, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचं. एका मांत्रिकाचा ताईतही झाला. पुढे डॉक्टरांनी गार्डिनलच्या गोळ्या सुरू केल्या. फिट्स कमी झाल्या. पण पोर दिवसभर पेंगुळलेली असायची. शेजाऱ्यांना आई सांगायची, "बेबीला चक्कर येते." घरातही फीट हा शब्द कुणी उच्चारायचा नाही.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून परवचा म्हणायचा, हे आमच्याकडे रोजचं. बेबीचे पाढे पाठ करून घ्यायचं काम वडिलांनी माझ्याकडे दिलं होतं. मी चौदा वर्षांचा, शाळेत पहिला येणारा, आणि त्यामुळे चांगलाच चढेल. एका संध्याकाळी मी तिच्याकडून सतराचा पाढा घोटून घेतला. तिनं तो न चुकता तीनदा म्हणून दाखवला. मी वडिलांपुढे फुशारकी मारली. तीन-चार दिवसांनी वडिलांनी तिला म्हणायला सांगितलं, तर तिला सुरुवातच आठवेना. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला ओट्यावर नेलं आणि एक ठेवून दिली. "परवा म्हणून दाखवलास ना! आळशी कुठली!" तिचा कान लाल झालेला मला आजही दिसतो.

ती आळशी नव्हती. तिनं पाढा पाठ केला होता, हे खरं होतं. आणि तो गेला होता, हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला कळायला स्वतःला अपस्मार व्हावा लागला. तिचा आणि माझा आजार एकाच प्रकारचा नसावा, असं डॉक्टर म्हणतात. पण अपस्मार असलेल्या माणसाची आठवण का जाते, याची कारणं आता माहीत आहेत. झटका येतो तेव्हा, आणि त्याच्या आधी-नंतरच्या काही वेळात, नवीन काही नोंदलंच जात नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही मेंदूत छोटी विजेची गडबड चालू असू शकते, ती माणसाला जाणवतही नाही. कधी हिप्पोकॅम्पसवर व्रण असतो, आणि आजाराचं मूळही तोच असतो. औषधांनी सुस्ती येते. तिच्या गार्डिनलमधलं फेनोबार्बिटोन त्यासाठी पहिल्यापासून ओळखलं जातं. झोप मोडते, भीती बसते, मन खचतं, त्याचाही परिणाम होतो. एवढ्या सगळ्यांशी एक नऊ वर्षांची मुलगी झगडत होती, आणि वर भावाचा मार.

सहावीनंतर बेबीची शाळा सुटली. "डोकं नाही," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या सगळ्यांत मीही होतो. लग्नाची वेळ आली तेव्हा वडिलांनी मात्र चक्कर म्हणायला नकार दिला. दोन स्थळं आली, दोघांनाही त्यांनी खरं सांगितलं. दोन्ही परत आली नाहीत. पुढे तर कायद्यातच आलं. ज्याला अपस्माराचे झटके वारंवार येतात त्याचं लग्न रद्द ठरवता येईल, असं कलम हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीनं घातलं गेलं. अपस्मार हा शब्द त्या कलमातून निघाला 1999 साली. आपल्यालाच नावं ठेवायला नकोत. इंग्लंडच्या 1937 च्या कायद्यातही जवळजवळ हेच शब्द होते.

आपल्या पूर्वजांना निदान एक गोष्ट ठाऊक असावी. अपस्मार या शब्दातच 'स्मर' आहे. ज्यात स्मरण निघून जातं तो अपस्मार. म्हणजे अंगाला झटके येणं नव्हे, तर आठवण जाणं, हे त्यांनी आजाराच्या नावात धरलं. नटराजाच्या मूर्तीत शंकराच्या पायाखाली जो बुटका असुर दिसतो, त्याचंही नाव अपस्मारच. ते चित्र मला पूर्वी फार आवडायचं. आता वाटतं, आपण त्या असुराऐवजी त्याच्या तावडीत सापडलेल्या माणसालाच पायाखाली घेतलं.

मी तर काय वेगळं केलं? आई "चक्कर" म्हणायची, मी "मोतीबिंदू" म्हणालो. कराडमधली कमी शिकलेली बाई 1962 साली जे करत होती, तेच मी डॉक्टरेट घेऊन 2016 साली इंग्लंडमध्ये केलं. डीव्हीएलएला कळवावं लागलं, कारण तो इथला नियम आहे. बारा महिने एकही झटका आला नाही, तरच गाडी चालवायला परत मिळते. सरकारला खरं सांगितलं आणि मित्रांना खोटं! भीती कसली होती म्हणाल, तर लोक मला वेडा समजतील, माझ्या शब्दाला किंमत देणार नाहीत, मंडळाच्या विश्वस्तपदावरून हळूच बाजूला करतील. आणि मुलीच्या सासरी कळलं तर? तेव्हा ती पस्तिशीची, एका मुलीची आई होती. तरीही मला सासर आठवलं.

निदान झाल्यावर त्या हिवाळ्यात मी कराडला गेलो. बेबी आता धाकट्या भावाच्या कुटुंबात राहते. तिची औषधं पुढे बदलली, आणि गेल्या वीस वर्षांत तिला फीट आलेली नाही. तिच्या हाताचं विणकाम गल्लीत प्रसिद्ध आहे. नमुना एकदा हाताला बसला की ती कधी विसरली नाही. हेन्रीच्या ताऱ्याबद्दल वाचलं तेव्हा मला तिच्या सुया आठवल्या. गल्लीतल्या किती मुलींना तिनं विणायला शिकवलं, याची गणती नाही. डोकं नसलेल्या बाईनं!

ओट्यावरच बसलो होतो. मी तिला माझ्या आजाराचं सगळं सांगितलं. मग म्हणालो, "बेबी, तुला मी एकदा पाढ्यावरून मारलं होतं. आठवतं?" मला वाटलं होतं, ती विसरली असेल. तशी मनातून आशाच होती म्हणा ना. तिनं विणणं थांबवलं नाही. म्हणाली, "आठवतं तर. इथेच मारलंस. उजव्या कानाखाली. पाढ्याचं म्हणशील दादा, तर तो तेव्हाही येत नव्हता आणि आत्ताही येत नाही." आणि हसायला लागली. मला हसता आलं नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "आता कुठे त्याचं. चहा टाकू का?"

भीती, अपमान, दुःख यांच्यासोबत आलेल्या आठवणी मेंदू जरा घट्ट धरून ठेवतो, असं मी नंतर वाचलं. म्हणजे शिकवलेलं जाईल, पण त्यासाठी दिलेला मार राहील. ज्यांच्या घरात अपस्मार असलेलं मूल आहे आणि ते "अभ्यास विसरतं", त्यांनी हे एवढं लक्षात ठेवावं.

परत आल्यावर बेबीनंच एक पद्धत सुरू केली. दर रविवारी सकाळी ती फोन करते आणि विचारते, "हं दादा, परवचा म्हण." मग मी आठवड्यात काय काय झालं ते सांगतो. कोण आलं, कुठे गेलो, नात काय म्हणाली. मी डायरीत लिहितो, तिच्याकडे वही आहे. मधेच ती तीन आठवड्यांपूर्वीचं काहीतरी विचारते. येत नसलं तर स्वतः सांगते, आणि ओरडत नाही. माझ्या न्यूरॉलॉजिस्टना हे सांगितलं तर ते खूश झाले. नुकतीच घडलेली गोष्ट पुढच्या दिवसांत पुन्हा पुन्हा उजळत राहिली, तर ती टिकायला मदत होते. माझ्या भाषेत सांगायचं तर, बेबी माझ्या स्लॅबवर पाणी मारते.

बाकी उपाय साधे आहेत. गोळ्यांचा डबा, वारांप्रमाणे कप्पे असलेला. भिंतीवर कॅलेंडर, फोनमध्ये फोटो आणि फोटोखाली नावं. पुरेशी झोप. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांची एकच जागा. औषधानं फार सुस्ती येत असेल, तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायचं, मनानं बंद करायचं नाही. आणि समोर कुणाला मोठी फीट आलीच, तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही, तर 999 ला फोन करा.

तुमच्याकडून मात्र एक मागणं आहे. आपल्या मंडळात आता माझ्यासारखे बरेच जण आहेत. सगळ्यांनाच अपस्मार नाही, कुणाला दुसरं काही असेल, कुणाचं नुसतं वय झालं असेल. भेटलात की "ओळखलंत का?" असं कोडं घालू नका. पूर्वी मीही ते घालत असे, गंमत वाटायची. त्याऐवजी स्वतःच सांगा, "मी अमुक, तुमच्याकडे राहून गेलो होतो, नाट्यसंगीतावरून आपलं भांडण झालं होतं." मला तेव्हाचं आठवणार नाही कदाचित. पण भांडण परत सुरू करायला मी केव्हाही तयार आहे.

रांगेतले ते गृहस्थ हा अंक वाचत असतील, तर त्यांनी आणि वहिनींनी या दिवाळीत फराळाला यावं. सौ.नं पत्ता शोधून ठेवला आहे, ती फोन करीलच. तुम्ही येऊन गेल्यावर त्या रविवारी मी बेबीला सगळं सांगेन. ती लिहून ठेवेल.